शाहिराची वारस

माणूस गेला की त्याच्या घरी आधी शेजारी येतात, मग नातेवाईक, आणि दिवसकार्य उरकलं की तेच नातेवाईक आमच्याकडे येतात. फक्त एकत्र येत नाहीत. थोरला सकाळी येऊन गेला की धाकटा संध्याकाळी. दोघेही जिना चढताना डोळे पुसत असतात आणि खुर्चीवर टेकले की पहिला प्रश्न तोच, "वकीलसाहेब, त्यांनी काही कागद करून ठेवलाय का हो?" गिरगावातल्या त्या खोलीत बसून मी आयुष्यभर हा प्रश्न ऐकला. बहुतेक वेळा उत्तर एकच होतं. नाही.

मृत्युपत्र म्हटलं की आमची माणसं "शुभ बोल नाऱ्या" म्हणून अंगावर येतात. पोर जन्मलं की बारशाच्या आधी पत्रिका तयार असते, पण मृत्युपत्राचा विषय काढला की म्हणतात, एवढी काय घाई आहे. आता घाई आपल्याला नसेल, पण दुसऱ्या कुणाला असू शकते, हे अशिलाला तोंडावर सांगता येत नाही. तो उठून जातो आणि सोसायटीभर आपली बदनामी करतो.

त्यात नामवंत माणसं तर सर्वांत वाईट. टाळ्या ऐकून ऐकून आपण मरणारच नाही अशी त्यांची समजूत झालेली असते. आमच्या गिरगावात एक मोठे नट होते, स्त्रीभूमिका करायचे. कागद न करता गेले. मुलांनी घर, दागिने, भांडीकुंडी सगळं चहा पिता पिता वाटून घेतलं, आणि वडील ज्या शालूत रंगमंचावर यायचे त्या एका शालूवरून कोर्टात गेले. शालू कोर्टाच्या कपाटात जाऊन बसला. निकाल लागेपर्यंत त्याला कसर लागून पार चाळण झाली होती. निकालाप्रमाणे दोघांनी अर्धी अर्धी चाळण घरी नेली. हा किस्सा मी लग्नामुंजीत सांगत आलो आहे आणि लोक हसतात. पुढचा मात्र मी फारसा कुणाला सांगत नाही.

आधी आमचा धंदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे अडणार नाही. मृत्युपत्र ही फार साधी गोष्ट आहे. कागदावर लिहायचं, खाली सही करायची, आणि ती सही पाहणाऱ्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या करायच्या. झालं. त्या कागदात तुम्ही कुणालाही काहीही देऊ शकता. ज्याला दिलं तो तुमचा कोण, हे कोर्ट विचारत नाही. पण कागद नसेल तर मात्र कायदा नातं विचारतो. नुसतं विचारत नाही, सिद्ध करा म्हणतो. जिवंतपणी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं नातं मेल्यावर पुराव्याने उभं करायचं असतं, आणि तिथे भल्याभल्यांची गाळण उडते.

मी तेव्हा नानासाहेबांचा ज्युनिअर होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो ऐन भर. खाली उपाहारगृह, वर आमची खोली. सभाबंदी मोडली म्हणून पकडलेले कार्यकर्ते सकाळपासून जिन्यात बसलेले असायचे. त्यांचे खटले नानासाहेब फुकट चालवायचे आणि घरी गेल्यावर वहिनींची बोलणी खायचे. असल्याच एका खटल्यात शाहीर लक्ष्मण आमच्याकडे आले.

आता त्यांचं नाव घेतलं तर तरुण वाचकांना काही आठवणार नाही. पण तेव्हा परळ, लालबाग, भोईवाडा ह्या भागात लक्ष्मणशाहिरांची डफावर थाप पडली की रात्रपाळीला निघालेला गिरणी कामगार डबा घेऊन तिथेच उभा राहायचा. आधी जलशात गायचे, मग चळवळीत आले. त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या आणि इराण्याच्या हॉटेलात त्या वाजायच्या. मागे साथीला एक बाई असायच्या, उंच आणि खणखणीत आवाजाच्या. त्या अनसूयाबाई, त्यांची बायको.

खटल्याचं काम उरकल्यावर नानासाहेबांनी आपल्या सवयीप्रमाणे विचारलं, "शाहीर, तुमच्या तबकड्या निघतात, गाण्यांना मागणी आहे. मृत्युपत्र केलंय का?"

शाहीर मोठ्याने हसले. "वकीलसाहेब, मुंबई घेतल्याबिगर मी मरत नाय. मुंबई मिळाली की पयला तुमच्याकडं येतो. तवर कागद कशाला खराब करायचा?"

"अहो, अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग तर बिलकूल घाई नको. अर्धा तास काय, कधीबी काढता येईल."

हे उत्तर त्या काळात कुणालाच वेडगळ वाटलं नाही. सगळेच सगळं 'राज्य आलं की' ह्यावर ढकलत होते. घराला रंग राज्य आल्यावर, मुलीचं लग्न राज्य आल्यावर. खुद्द नानासाहेबांनी कवळी बसवायची राज्य येईपर्यंत लांबवली होती आणि भात कालवून खात होते. त्यामुळे तेही हसले आणि विषय तिथेच राहिला.

शाहीर एका सभेहून परतले, चाळीच्या पायरीवर छातीला हात लावून बसले आणि पुन्हा उठले नाहीत. चाळिशीही उलटली नव्हती. त्यांच्या अंत्ययात्रेला परळचे रस्ते भरून गेले होते. नानासाहेब आणि मी गर्दीत होतो. नानासाहेब एकदाच म्हणाले, "अर्धा तास." 

शाहिरांच्या मागे अनसूयाबाई होत्या आणि थोरला भाऊ सखाराम. मूलबाळ नव्हतं, आईबाप लहानपणीच गेलेले. सखाराम गिरणीत होता आणि त्यानेच धाकट्याला वाढवलं होतं. दोन्ही बिऱ्हाडं भोईवाड्यात एकाच चाळीत, एकाच मजल्यावर. तबकड्या काढणाऱ्या कंपनीला शाहिरांची गाणी नव्याने काढायची होती, आणि ती अनसूयाबाईंच्याच आवाजात. कंपनीने साधी चौकशी केली, कायदेशीर वारस कोण? अनसूयाबाई म्हणाल्या, मी. सखाराम म्हणाला, मी. आणि कोर्टात अर्ज पडला.

सखारामला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याला वाटायचं, आपण अर्धपोटी राहून ज्याला मोठं केलं त्याची गाणी आपल्या घरातली आहेत. ही बाई तरुण, आज ना उद्या दुसरं घर करील आणि गाणी घेऊन जाईल. चाळीत कुणीतरी हे त्याच्या कानात भरलं असेल, कुणी ते मला कधी कळलं नाही. पण कोर्टात जायला काहीतरी आधार लागतो, आणि तो त्याला एका हुशार वकिलाने मिळवून दिला. आधार असा, की अनसूयाबाई शाहिरांची बायको नव्हतीच.

इथे जरा थांबून सांगायला हवं. नागपूरच्या दीक्षेनंतर भोईवाड्यातल्या त्या चाळीने अख्खीच्या अख्खी बौद्ध धम्म घेतला होता. जुने देव गेले आणि जुने विधीही गेले. शाहिरांचं लग्न त्यानंतरचं. परळच्या मैदानात मांडव होता, बुद्धाची तसबीर होती, नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण, पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना हार घातले, आणि नवऱ्याने त्याच मांडवात डफ घेऊन कार्यक्रम केला. बघायला हजारो माणसं होती. नवरदेवाच्या शेजारी हाराचं तबक धरून उभा होता सखाराम.

आता कायदा काय म्हणत होता? लग्न रूढीप्रमाणे झालेलं पाहिजे. आणि बौद्धांनाही तो हिंदूंचाच कायदा लागू. सखारामच्या वकिलाने एवढंच विचारलं, होम झाला का? सप्तपदी झाली का? नाही झाली. बरं, नव्या पद्धतीला रूढी म्हणा, तर रूढी म्हणायला कायद्याला ती पिढ्यान्पिढ्यांची लागते. ही तर कालची. म्हणजे जुनं ह्यांनी सोडलेलं आणि नवं कायद्याने धरलेलं नाही. हजारो साक्षीदारांसमोर लागलेलं लग्न दोन्हीकडून लटकलं. बायको ठरली तर सगळं अनसूयाबाईंचं, नाही ठरली तर सगळं सखारामचं. मधली वाट कायद्यात नव्हती.

चाळीतला एक हितचिंतक आम्हाला येऊन भेटला. तो म्हणाला, गावी जाऊन ते दोघं गुपचूप सात पावलं चालल्याचं मी शपथेवर सांगतो. नानासाहेबांनी त्याला जिन्याची वाट दाखवली. अनसूयाबाईंना हे कळलं तेव्हा त्या फार चिडल्या.

"जे आमी सोडलं ते कोर्टात जाऊन परत धरायचं व्हय? माज्या नवऱ्यानं मला ज्या रीतीनं केली तीच रीत. ती खरी हाय का खोटी, एवढंच सांगू दे कोर्टातल्या साहेबाला."

सखारामची उलटतपासणी उद्यावर आली होती. नानासाहेब घायकुतीला आले होते, कारण सखारामला काय विचारावं हेच सुचत नव्हतं. मांडव, हार, त्रिशरण, काहीच तो नाकारत नव्हता. तो म्हणत होता, कार्यक्रम झाला, लग्न नव्हे.

अनसूयाबाई समोर बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "भावजी आता असं बोलतात. त्यांच्या शेवंताचं लगीन तरी कसं लागलं? त्याच रीतीनं, तशाच मांडवात. ह्यांनीच लावलं."

नानासाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "शेवंता कोण?"

"त्यांची लेक. माजी पुतणी."

नानासाहेबांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो समोर दिसतो. वकिलाला असा प्रश्न आयुष्यात एकदोनदा सापडतो. उद्या सखारामला एवढंच विचारायचं होतं, तुमच्या मुलीचं लग्न कसं झालं? ह्याच रीतीने झालं म्हणाला तर आपल्या मुलीला तो काय म्हणणार? बाप असून तो कोर्टात उभा राहून पोरीचं लग्न नाकारील? नाकारू शकत नाही. आणि तिचं खरं तर हिचंही खरं. मी तर टेबलावर हात आपटला.

अनसूयाबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या ध्यानात आलं.

"हे तुमी उद्या इचारणार?"

"विचारणार म्हणजे काय! हाच आपला खटला," नानासाहेब म्हणाले.

"आणि साहेब म्हणाले, दोघींचीबी लग्नं नाय, तर?"

 खोटं बोलायची नानासाहेबांना सवय नव्हती. ते हळूच म्हणाले, "तसंही होऊ शकतं."

"मग ते लिवून ठेवतील?"

"निकालात येईल."

"आणि तो निकाल दुसरे वाचतील?"

"वाचतील. दुसऱ्या खटल्यात दाखला म्हणून देतील."

अनसूयाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शेवंताला सातवा लागलाय. आमच्या मजल्यावर दीक्षेनंतर जेवढ्या पोरी उजवल्या, सगळ्या ह्याच रीतीनं. उद्या एकीचा सासरा उठंल, एकीचा दीर उठंल, आणि माजा कागद दाखवंल. पोरींना काय तोंड दाखवू मी? तुमी शेवंताचं नाव घ्यायचं नाय, वकीलसाहेब."

"पण बाई, ते विचारलं नाही तर आपल्या हातात काहीच नाही."

"मग साहेबाला काय लिवूच नका देऊ. असं काय करता येतं का?"

येत होतं. त्याला तडजोड म्हणतात. दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं की लग्न खरं की खोटं हे ठरवायची कोर्टाला गरज पडत नाही. नानासाहेबांनी हे सांगितलं खरं, पण असं की जणू घरातली वस्तू कुणी उचलून नेत होतं. पुढे ते त्यांना तासभर समजावत राहिले. जिंकायची शक्यता अर्ध्याहून जास्त आहे, म्हणाले. त्या एकच म्हणत राहिल्या, "आणि बाकीची?"

तडजोड झाली. शाहिरांची खोली अनसूयाबाईंकडे राहिली, कारण त्या तिथेच राहत होत्या आणि त्याबद्दल सखारामचं भांडण नव्हतं. गाण्यांचा हक्क सखारामला गेला. अनसूयाबाईंनी सभेत गावं, तबकडीवर गाऊ नये, असं ठरलं. कंपनीने ती गाणी पुढे दुसऱ्या एका गायिकेकडून गाऊन घेतली. ती गायिका चांगली होती, सुरेल होती, पण ज्यांनी अनसूयाबाईंना परळच्या मैदानात ऐकलं होतं त्यांनी ती तबकडी एकदा ऐकून ठेवून दिली. अनसूयाबाईंचा आवाज त्यांच्या नावाने कुठेच उरला नाही. शाहिरांच्या जुन्या तबकड्यांत मागे एक उंच आवाज लागतो, पण त्यावर नाव नाही. माझ्या मुलांना मी तो ऐकवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, खरखर आहे नुसती.

तडजोडीचा मसुदा मीच लिहिला. मयताशी नातं, ह्या ठिकाणी समोरच्या वकिलांना 'आश्रित' असा शब्द हवा होता. अनसूयाबाई म्हणाल्या, "बायको लिवू शकत नाय तर नका लिवू. पण नव्हती असंबी कुठं येता कामा नये. ती जागा मोकळी सोडा." आमच्या धंद्यात मोकळी जागा म्हणजे निष्काळजीपणा. नानासाहेब एरवी कानफटात मारल्यासारखे ओरडले असते. त्या दिवशी म्हणाले, "सोड."

घासाघीस होऊन चार महिन्यांनी कोर्टात सह्या झाल्या. न्यायाधीशांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे दुभाषी होता. सखाराम खूश होता. बाई घाबरून मागे हटली अशीच त्याची समजूत होती, आणि का हटली हे त्याला सांगायची आम्हाला सोय नव्हती, कारण अशिलाचं म्हणणं बाहेर काढता येत नाही. हे एक बंधन मला जन्मभर बोचलं. मागच्या बाकावर शेवंता बसली होती. तिच्या मांडीवर तान्हं पोर होतं. बाप जिंकला हे बघायला ती आली होती.

सही करणारी माणसं तीच आहेत ना, एवढी खात्री करून घ्यायची असते. म्हणून न्यायाधीशांनी विचारलं आणि दुभाष्याने सखारामला मराठीत सांगितलं, "ह्या बाईंना तुम्ही ओळखता का? ह्या कोण?"

सखाराम चकित झाला. असा काय प्रश्न विचारतात, अशा चेहऱ्याने तो म्हणाला, "म्हंजे काय साहेब? माजी भावजय हाय ना."

त्याचा वकील खोकला. दुभाषी क्षणभर अडखळला, पण त्याचं काम त्याने केलं. न्यायाधीशांनी ते ऐकलं, समोरचा कागद पाहिला, त्यातली मोकळी जागा पाहिली, आणि चष्म्यावरून नानासाहेबांकडे बघून विचारलं, "हे नोंदवून घ्यायचं आहे का?"

नानासाहेब अर्धे उठले होते. ज्याने महिनोन्महिने लग्न नाकारलं त्यानेच भर कोर्टात ते कबूल केलं होतं. तडजोड तिथल्या तिथे मोडता आली असती, खटला पुन्हा उभा राहिला असता, आणि आता आम्ही जिंकलो असतो. निदान मला तरी तसं वाटलं, पण मग लग्न खरं की खोटं हे निकालात लिहावं लागलंच असतं. मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या शेवंताकडे बघत होत्या. मग त्यांनी नानासाहेबांकडे वळून मान हलवली. नको.

"नको," नानासाहेब म्हणाले आणि खाली बसले. न्यायाधीशांनी सही केली.

बाहेर पडवीत सखाराम वहाणा घालत होता. आपण आत काय बोललो ह्याचा त्याला पत्ताही नव्हता. अनसूयाबाई एकट्या जिन्याकडे निघालेल्या बघून त्याने हाक मारली, "अगं अनसा, थांब की. एकटी कुठं निघालीस? चल, घरी जाऊ."

त्या थांबल्या आणि त्यांच्याबरोबर गेल्या. सखाराम पुढे, शेवंता मधे, त्या मागे. चाळीत त्या पुढे मरेपर्यंत शाहिराची बायको म्हणूनच राहिल्या आणि मेल्यावर खांदा सखारामच्याच नातवांनी दिला. कागदावर मात्र त्या आजही शाहिरांच्या कुणी नाहीत.

पुढे माझ्याच हाताखाली ज्युनिअर आले, त्यांना मी तडजोडीचं कौतुक शिकवलं, कारण धंदा तसाच चालतो. पण त्या दिवशी नानासाहेबांनी 'हो, नोंदवा' म्हणायला हवं होतं, असं मला पुन्हा पुन्हा वाटतं. मग ती हललेली मान आठवते. अनसूयाबाईंना जे कळलं होतं ते मला समजतं. तरी मला तो खटला जिंकायचा होता, आणि त्यांच्यासाठी जिंकायचा होता.